आकड्याला पत्ता हवा

(डोंबिवली येथील स्मृती व्याख्यानमालेत केलेले भाषण, मुद्रणासाठी किरकोळ फेरफार करून)



मी इथे उभा राहण्याआधी एका तरुण कार्यकर्त्याने हा माइक तपासला, ते तुम्ही पाहिलंत. बोटाने दोनदा टकटक, एक फुंकर, आणि मग ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’. सत्यनारायणापासून साहित्य संमेलनापर्यंत आपल्याकडे ध्वनीच्या उपकरणांची परीक्षा होते ती एवढीच. संमेलनाचं नाव उगाच घेतलं नाही. २०१७ साली नव्वदावं संमेलन आपल्या गावात भरलं, तेव्हाही मांडवात हेच तीन आकडे मी ऐकले. या परीक्षेतून माइक चालू आहे एवढंच कळतं. तो कसा आहे हे कळत नाही. आणि ती फुंकर! समोर जुना रिबन माइक असता, तर आतली कागदाहून पातळ पट्टी त्या एका फुंकरीने कायमची ताणली गेली असती. परीक्षेतच परीक्षार्थी गेला असता.

त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याला दुसरं कुणी शिकवलेलंच नाही.

संयोजक म्हणाले होते, लोकांच्या उपयोगाचं बोला, कुठला स्पीकर घ्यावा वगैरे. ते मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सकाळी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बोलणी खायला मीच असणार. कुठलाही घ्या, पण घेण्याआधी त्याला प्रश्न कोणते विचारायचे, ते सांगतो. हे प्रश्न माझे नाहीत. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या सरांचे आहेत.

सर आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायचे. लंबकाचा प्रयोग करून मी वहीत ‘९.८’ लिहिलं, तर सर म्हणाले, ‘९.८ काय? केळी?’ एकक नाही म्हणून अर्धा गुण कापला. पुढच्या वेळी एकक लिहिलं, तेव्हा विचारलं, किती आंदोलनं मोजलीस, दोरी कुठपासून कुठपर्यंत धरलीस, किती वेळा केलंस? त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. अर्धा गुण पुन्हा गेला. तेव्हा ते जे बोलले ते मी आजवर विसरलो नाही: ‘अरे, आकड्याला पत्ता हवा. नाहीतर तो पोचायचा कुठे?’

पुढे मी ठाण्याला रेडिओच्या एका छोट्या कारखान्यात तपासणी खात्यात लागलो. ठाण्यात तेव्हा मर्फीचा मोठा कारखाना होता. तोंडाशी बोट धरलेलं ते बाळ ज्यांच्या घरच्या भिंतीवर होतं, असे लोक या सभागृहात बरेच दिसतात. आमचा कारखाना त्यापुढे किरकोळ, पण तपासणीची रीत तीच. सिग्नल जनरेटरमधून चारशे हर्ट्झची शिट्टी तीस टक्के मॉड्युलेशनने संचात सोडायची आणि स्पीकरच्या जागी लावलेल्या मीटरवर पन्नास मिलिवॅट यायला किती मायक्रोव्होल्ट लागतात ते लिहायचं. दिवसभर ती एकच शिट्टी. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी हात पेन शोधायचा. पण त्या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला पूर्ण पत्ता होता. कुठली वारंवारता, किती मॉड्युलेशन, किती शक्ती. लोणी काळभोरला फिलिप्सच्या कारखान्यात मोजलेला संच आणि ठाण्याला मोजलेला संच शेजारी ठेवून बोलता येत होतं, ते त्या पत्त्यामुळे.

कारखाना बंद पडला आणि मी इथे पूर्वेला दुरुस्तीचं दुकान टाकलं. आठवड्यातून एकदा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग आणायचे, परतीच्या लोकलमध्ये ट्रान्सफॉर्मरची पिशवी मांडीवर. दुकानासोबत काही वर्षं एका मासिकात उपकरणांची परीक्षणंही लिहिली. तिथे मला पत्ता नसलेले आकडे भेटले.

पीएमपीओ आठवतो का? नव्वदच्या दशकात प्रत्येक टू-इन-वनवर, संगणकाच्या प्रत्येक स्पीकरवर सोनेरी चिकटपट्टी असे: ‘१२०० वॅट पीएमपीओ’. एक गृहस्थ असा डबा घेऊन आले आणि म्हणाले, एवढे वॅट असून शेजाऱ्याच्या जुन्या रेडिओसमोर हा दबतो कसा? मी डबा उघडला नाही. नुसता अडॅप्टर उलटा करून दाखवला. त्यावर छापलं होतं, बारा व्होल्ट, दोन अँपिअर. गुणाकार करा, चोवीस वॅट. चोवीस आत घेऊन बाराशे बाहेर टाकणारं यंत्र खरंच निघालं असतं, तर वीज मंडळाला टाळं लागलं असतं. तो आकडा म्हणजे एखाद्या क्षणापुरती, आवाज कितीही फाटला तरी चालेल अशी, सगळ्या वाहिन्यांची बेरीज केलेली कल्पना. ती कशी मोजायची याचं सर्वमान्य मानकच नव्हतं. त्यामुळे तो आकडा खोटा आहे असंही कुणाला सिद्ध करता येत नसे, आणि हीच त्याची हुशारी.

खरी शक्ती मोजणं अवघड नाही. स्पीकरच्या जागी आठ ओहमचा जाडजूड रोधक लावा, हजार हर्ट्झचा शुद्ध सूर द्या, ऑसिलोस्कोपवर लाट बघत आवाज वाढवत न्या. लाटेचा शेंडा सपाट व्हायला लागला की थांबा. व्होल्टचा वर्ग करा, आठाने भागा. मीटरवर वीस व्होल्ट असतील तर पन्नास वॅट. हे लिहिताना सोबत लिहायचं: आठ ओहमवर, दोन्ही वाहिन्या एकदम चालू असताना, विकृती अमुक टक्क्यांच्या आत. तुमच्यातल्या ज्यांनी हौसेने ४४४० आयसीचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला असेल, त्यांना आठवेल. उत्पादकाच्या कागदावर प्रत्येक वाहिनीला सहा वॅट किंवा दोन्ही जोडून एकोणीस, असं स्वच्छ छापलेलं असायचं. तीच आयसी डब्यात बसली की बाजारात तिचे पाचशे वॅट होत.

आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केले तर तीन डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला ‘जरा वाढला’ एवढंच वाटतं. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून स्पीकर घेताना वॅटआधी त्याची संवेदनशीलता विचारा: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल? एकाचे ८४ आणि दुसऱ्याचे ९० असतील, तर पहिल्याला शंभर वॅट देऊन जेवढा आवाज होईल तेवढा दुसरा पंचवीसमध्ये देतो. दुकानदाराला हे विचारलंत की तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग खोक्याची मागची बाजू वाचू लागेल.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

मासिकात एकदा दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना लिहिली. एकाबद्दल मी अगदी रंगून लिहिलं. खर्जाला भरणा आहे, वरचे स्वर मोकळे आहेत, गायिका समोर बसल्यासारखी वाटते, वगैरे. दुसरा म्हणे कोरडा. अंक निघाला आणि चार दिवसांनी सर दुकानात आले. तेव्हा ते निवृत्त झाले होते, संध्याकाळी फडके रोडपर्यंत फिरायला यायचे. अंक काढून त्यांनी एकच विचारलं, ‘दोघांचा आवाज सारखा होता का?’ मी म्हटलं, दोन्हींची कळ एकाच खुणेवर होती. ‘कळ नाही विचारली. आवाज विचारला.’

रात्री शटर ओढून मोजलं. स्पीकरच्या टोकांशी व्होल्टमीटर लावला. ज्याची मी स्तुती केली होती, तो दुसऱ्यापेक्षा डेसिबलभराहून थोडा वरच होता. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. याचं कारण १९३३ सालीच बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मांडलेलं होतं. आवाज वाढवला की कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढल्यासारखे वाटतात. म्हणजे माझा ‘खर्जातला भरणा’ आणि ‘मोकळे वरचे स्वर’ यंत्रातले नव्हते. आवाज सारखा करून पुन्हा ऐकलं, तर कुठला कुठला ते सांगता येईना. पुढच्या अंकात खुलासा दिला. संपादकांनी तो ग्राहकवर्गणीच्या चौकटीखाली, बारीक टायपात छापला.

तेव्हापासून व्होल्टमीटर लावल्याशिवाय तुलना करत नाही. आणि दुसरा नियम, डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. १९९४ साली अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना काही स्पीकर आधी पडद्याआड आणि मग उघड्यावर ऐकवले. स्पीकर तेच, माणसं तीच. पण डोळ्यांना दिसल्यावर गुण बदलले. मोठे, भारदस्त खोके वर चढले आणि पडद्याआड बरे गुण मिळवलेली प्लास्टिकची छोटी पेटी खाली घसरली. ही माणसं याच धंद्यातल्या कंपनीतली होती.

माझ्या दुकानात पडदा म्हणून जुनी चादर आहे. तारा बदलायचं काम आमच्या सौभाग्यवती करतात. मी भिंतीकडे तोंड करून बसतो, त्या चादरीमागे जाऊन काहीतरी करतात आणि ‘झालं’ म्हणतात. मी वहीत लिहितो. कधी कधी त्या काहीच बदलत नाहीत, नुसतं ‘झालं’ म्हणतात. तेव्हाही मला फरक ऐकू येतो. ती वही मी कुणाला दाखवत नाही, आज पहिल्यांदाच उल्लेख केला. हजारो रुपयांच्या स्पीकर-केबलविषयी कुणी विचारलं की मी त्या वहीची आठवण काढतो आणि गप्प बसतो.

प्रत्यक्ष माणूस आणि यंत्र शेजारी ठेवून ऐकणं, ही सगळ्यांत जुनी परीक्षा. एडिसनने १९१५च्या सुमारास अमेरिकेत गावोगाव तसे जलसे केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ, मध्येच दिवे घालवायचे आणि आता कोण गातंय ते ओळखा म्हणायचं. लोकांना ओळखता येत नसे. त्यातली एक गायिका, अ‍ॅना केस, तिने म्हातारपणी सांगून टाकलं की ती यंत्रासारखं गायची! यंत्र माणसासारखं होत नव्हतं, म्हणून माणूस यंत्राच्या मापाने घेतला. लंडनच्या बीबीसीतल्या अभियंत्यांनी हीच परीक्षा पुढे प्रामाणिकपणे केली. स्टुडिओत बोलणारा माणूस आधी प्रत्यक्ष ऐकायचा, मग तोच आवाज लाउडस्पीकरमधून. त्यांच्या मते यंत्र उघडं पाडायला माणसाचं साधं बोलणं फार कामाचं, कारण माणसाचा आवाज कसा असतो ते कुणालाही शिकवावं लागत नाही.

आपल्याला मात्र साहेबाच्या पियानोवर आणि व्हायोलिनवर अवलंबून राहायचं कारण नाही. माझी पहिली परीक्षा तानपुऱ्याची. काळी एक पट्टीतला षड्ज १३८ हर्ट्झच्या वर थोडासा, त्याचा खर्ज ६९ च्या आसपास. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर त्या ६९ ला हातही लावत नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून कान खालचा सूर स्वतःच पुरा करतो. कान फसतो, पण जवारी फसत नाही. जवारीत स्वरांशांचा जो झरा वर चढत जातो, तो कुठे थांबतो ते ऐका. वाईट स्पीकरवर तानपुरा पेटीसारखा वाजतो. सी. व्ही. रामन यांनी १९२०-२१ च्या सुमारास तबला आणि तानपुरा या दोन्हींवर लिहिलं. शाईमुळे तबल्याच्या पुडीतून तारेसारखे सुसंगत स्वरांश निघतात आणि तानपुऱ्याच्या घोडीची वक्र पाठ तारेला झणकारते ठेवते, हे त्यांनी दाखवलं. दुसऱ्यांची साधनं मागायची गरज नाही, ती आपल्या दिवाणखान्यातच टांगलेली आहेत.

दुसरी परीक्षा डग्ग्याची. प्रयोगशाळेत खालच्या सुरांवरून एक सूर हळूहळू सरकवत नेतात आणि स्पीकर कुठे फुगतो, कुठे बसतो ते बघतात. आपल्याकडे डग्ग्यावर मनगट दाबत घिस्सा काढला की तेच होतं. चांगल्या खोलीत घिस्सा सरळ चढतो. डोंबिवलीतल्या खोलीत मध्येच एका जागी ढेकूळ लागतं.

याचा हिशोब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. दहा फुटांची खोली म्हणजे तीन मीटर पाच सेंटिमीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो सूर अर्ध्या लाटेत नेमका बसतो, तो ३४५ भागिले दुप्पट अंतर, म्हणजे ५६ हर्ट्झच्या जवळ. पुढचा त्याच्या दुप्पट, ११३. खोली लांबट असती तर लांबीचा सूर वेगळा आणि रुंदीचा वेगळा पडला असता. पण आपली खोली दहा बाय दहा! लांबी आणि रुंदी एकाच सुरावर एकमेकींना साथ देतात. तो एक सूर फुगतो आणि शेजारचे दोन गायब होतात. लंडनच्या मासिकात ज्या स्पीकरला पाच तारे मिळालेत, तो आपल्या वन-रूम-किचनमध्ये कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला की त्याच्या ताऱ्यांतला एकही आपल्यापर्यंत पोचत नाही. ते तारे त्या परीक्षकाच्या खोलीला मिळालेले असतात. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा, ऐकण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवू नका, आणि गाद्यांची वळकटी कोपऱ्यात उभी करा. वळकटीने ५६ हर्ट्झ आवरत नाही, पण त्याच्या वरचा बराच गोंगाट खाली बसतो. पैसा लागत नाही, फक्त पाहुणे आले की ती हलवावी लागते.

माठात स्पीकर उलटा ठेवून ऐकणारे तुमच्यातही असतील. मीही ऐकलंय. तो माठ एका सुराला दाद देतो आणि बाकी सगळ्या गाण्याला तोच सूर लावतो. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या माझ्या मिळकतीत त्याहून गोड काही नव्हतं, हेही कबूल करतो.

परदेशी परीक्षणांत आणखी एक रकाना नसतो: पावसाळा. नवा स्पीकर आठवडाभर ऐकायचा आणि निकाल द्यायचा, हे तिथे चालतं. इथे शंकूच्या कडेला फोमची पट्टी असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भाकरीच्या तुकड्यासारखी कुस्करते. कॅसेट डेकचे रबरी पट्टे वितळून डांबर होतात. रेकॉर्डवर बुरशी येते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मालाची मी वेगळी वही ठेवली होती. कुठलं उपकरण कितव्या पावसाळ्यानंतर आलं, एवढंच तीत लिहायचो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा ती वही मला जास्त उपयोगी पडली. रबरी कडेचा स्पीकर घ्या, एवढा एक सल्ला मात्र मी उघड देतो. रुळांच्या कडेला राहणाऱ्यांनी रेकॉर्ड प्लेअर भिंतीवरच्या फळीवर ठेवावा की जमिनीवर, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. रुळांकडच्या भिंतीवर ठेवू नये. जलद लोकल गेली की सुई ती सांगते.

मासिकातल्या दिवसांची आणखी एक गोष्ट. एका आयातदाराने परीक्षणासाठी हेडफोन पाठवले. आठवड्याने मी परत करायला गेलो, तर म्हणाले, राहू दे, ठेवा तुमच्याकडे. मी ठेवले. चार महिने त्या कंपनीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. लिहायला बसलो की हात अडायचा. शेवटी नेऊन दिले. फुकट मिळालेल्या वस्तूने माणूस खोटं बोलायला लागतोच असं नाही, पण गप्प बसायला नक्की लागतो. त्यानंतर परीक्षणाचा नमुना दुकानातून विकत घ्यायचा आणि नंतर तोट्यात विकायचा असं ठरवलं. कंपनीने पाठवलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो, दुकानातला तुम्हाला मिळतो तोच असतो.

आता पुन्हा या सभागृहाकडे आणि त्या माइकच्या तपासणीकडे येतो.

मराठीत ‘जग’ हा शब्द लिहिला की तो दोन प्रकारे वाचता येतो. विश्व या अर्थाचा जग तालव्य आणि जगण्याचा जग दंततालव्य. तसंच ‘चार’ आणि ‘चाक’. ‘चमचा’ म्हणताना शेवटचा च दातांजवळचा, ‘चमचे’ म्हटलं की तो टाळ्यावर सरकतो. लिपी हा फरक दाखवत नाही, कानच दाखवतात. आणि हा फरक राहतो वरच्या वारंवारतांत, दोन-अडीच हजार हर्ट्झपासून सहा-आठ हजारांपर्यंतच्या सळसळीत. स आणि श यांचंही तेच. जुना टेलिफोन ३४०० हर्ट्झच्या वरचं काही नेत नसे, म्हणून त्यावर ‘स की श’ हे दोनदा विचारावं लागे. सभेतला भोंगा त्याहून बरा, पण पाच-सहा हजारांपुढे तोही मान टाकतो. आता सांगा, ‘हॅलो, वन टू थ्री’ यात च आहे? ज आहे? स, श आहे? ज्या अक्षरांवर मराठी भाषण तरतं किंवा बुडतं, त्यांतलं एकही या चाचणीत नाही. मी वेगळं वाक्य वापरतो: ‘सदाशिवच्या चुलतसासूने चार चमचे साजूक तूप चुलीशेजारी झाकून ठेवलं.’ हसा, पण लिहून घ्या. हे वाक्य व्यासपीठावरून एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकायचं. ‘चुलतसासू’ स्पष्ट ऐकू आली, तर वक्त्याचं भाग्य उघडलं.

ऐकू आली नाही तर लगेच ट्रेबल वाढवू नका. दोष बऱ्याचदा घुमण्याचा असतो. हार्वर्डला वॉलेस सबाइन नावाचे तरुण प्राध्यापक होते. १८९५ साली त्यांना एका नव्या व्याख्यानगृहात काही समजत का नाही, ते शोधायला सांगितलं. ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान, एवढ्यावर त्यांनी रात्री-रात्री काम केलं, रस्ता शांत झाल्यावर. सूर थांबवल्यावर त्या खोलीत तो साडेपाच सेकंद रेंगाळत होता! शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून टाकल्या की कमी व्हायचा. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं. आपल्या लग्नाच्या हॉलएवढी जागा घ्या, वीस मीटर बाय बारा, उंची पाच. चकचकीत फरशी, आरसे, काच. शोषण साठ चौरस मीटरएवढं धरलं, तर आवाज सव्वातीन सेकंद घुमेल. त्यात अडीचशे माणसं बसवा, प्रत्येकी अर्ध्या चौरस मीटरच्या आतबाहेर शोषण धरा, तर तोच एक सेकंदाच्या जरा वर येतो. भाषणाला साधारण एवढाच लागतो. म्हणजे माइकची तपासणी रिकाम्या हॉलमध्ये केली, तर ती दुसऱ्याच हॉलची तपासणी होते. आणि श्रोते आले नाहीत, तर वक्त्याला शिक्षा दुहेरी.

शेवटी, जे बोलायचं टाळता येत नाही ते. गणपती आणि आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बाराची सवलत देऊ शकतं. याची अंमलबजावणी होत नाही म्हणून आपल्या ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ साली त्या याचिकेवर सविस्तर निकाल आला. कायदा आहे, निकाल आहे. तरी विसर्जनानंतर भांडण होतं ते आकड्यावर. रहिवासी म्हणतात एकशे दहा होता, मंडळ म्हणतं ऐंशी होता. दोघेही खरं बोलत असतील! एक मोबाइल भिंतीएवढ्या स्पीकरपासून तीन मीटरवर, दुसरा पन्नास मीटरवर. दोन्ही आकड्यांना पत्ता नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी मीटरवर छापलेली असते पण कुणी वाचत नाही: ए आणि सी. नियमांतली मर्यादा ए मापातली. ए माप कानासारखं वागायला बघतं, म्हणून खालच्या सुरांना ते कमी धरतं. ५० हर्ट्झला तर तीस डेसिबल कमी. म्हणून डीजेच्या धडधडीने चौथ्या मजल्यावरची तावदानं थरथरतात, आजोबांच्या छातीत धस्स होतं, आणि मीटर सभ्य आकडा दाखवतो. मीटर खोटा नाही. त्याला सी वर लावूनही विचारायला हवं, एवढंच. मंडळाच्या मुलांसाठी वेगळं सांगतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं माप असं: ८५ डेसिबल आठ तास चालेल, पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं. तुम्ही स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून सहा तास उभे असता. कानातले गेलेले केस पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यावर माझ्या दुकानात दुरुस्ती होत नाही.

या व्याख्यानाचं मानधन मी घेतलेलं नाही, त्याऐवजी संयोजकांकडे एक ध्वनिमापक आणि एक वही देतो आहे. कुठल्याही मंडळाने, सोसायटीने, लग्नघराने न्यावा. वहीत रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, जागा, स्पीकरपासूनचं अंतर, ए की सी, किती मिनिटं मोजलं. आकड्याचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधीचे भरल्याशिवाय तो भरू नये. मापकाला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. वापरून झाल्यावर ती काढून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत गळते.